लाभ धरून चोवीस

जयगड, २१ एप्रिल २०२५

गुरू,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. तीन वर्षं थोरल्या बहिणीचा फोन न उचलणाऱ्याला आशीर्वाद द्यायला मी काही संत नाही.

तुझा पत्ता मोरूने आणला. घणसोलीत तुझ्या चाळीखाली तो सहज उभा होता आणि तू दिसलास, म्हणे. मोरू आणि सहज! पंचवीस वर्षं होडी हाकतोय, वाऱ्याचा अंदाज घेतल्याशिवाय विडीसुद्धा पेटवत नाही. मुद्दाम शोधत फिरला असणार. तू उंच इमारतींच्या काचा पुसतोस, बाविसाव्या मजल्यावर दोराला लटकून, हेही त्यानेच सांगितलं. म्हटलं, घर सोडलं, बहीण सोडली, दोर काही सुटला नाही.

पत्राचं कारण असं की शिबिर पुन्हा सुरू करतेय. एक मे ते अठरा मे. सोळाच मुलं, दहा ते तेरा वयाची. बाबांच्या बागेत कलमांखाली तंबू. सड्यावरची कातळचित्रं, तिवरांतून चालणं, मागच्या कड्यावरून दोराने उतरणं, तिथीवरून भरती काढायचं गणित. समुद्रात पाय घालायचा नाही. होडी नाही. मोरूलाही तसं सांगून टाकलंय.

दोरांना माणूस हवा आहे. चिपळूणचा एक नितेश म्हणून मिळालाय. रीतसर शिकलेला आहे, पण गाठ मारताना जीभ बाहेर काढतो. मला तू हवा आहेस.

शिबिरातली तुळसा बुडाली त्याला या वैशाख वद्य पंचमीला तीन वर्षं होतील. अजून लोक बोलतात. बोलू देत. मी तुला तेव्हाही एका शब्दाने दोष दिला नाही, आजही देत नाही. जॅकेटाची गाठ सुटते, माणसाच्याच हातची असते. तू मान खाली घालून निघून गेलास म्हणून लोकांना वाटलं, चोराच्या मनात चांदणं. थांबला असतास तर निभावलं असतं.

ये. तुझी खोली झाडून ठेवलीय.

मनाताई

*

३ मे

गुरू,

तू आला नाहीस, शिबिर मात्र सुरू झालं. पुण्याची सात, कोल्हापूरची पाच, चिपळूणची चार. पहिल्याच दिवशी दोघांना काजूचा चीक लागला, एकीला डोंबले मुंग्या चावल्या, आणि एकाने विचारलं, इथे वायफाय कुठल्या झाडाखाली येतं. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

एक गोष्ट सांगते. हसू नकोस.

रांगेत उंचीप्रमाणे उभं करतो तसंच केलंय. सगळ्यांत बुटका अजिंक्य, कोल्हापूरचा, दहा वर्षांचा, म्हणून पहिला. सकाळी शिट्टी वाजवली, म्हटलं मोजा. हा गप्प. मी त्याच्याकडे बघते, तो समोर बघतोय. एक श्वास गेला असेल, मग म्हणाला, "एक." पुढे सरळ सोळापर्यंत. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी मी विचारलं, अरे थांबतोस कशाला?

"ती म्हणतीय की आधी. तिचं झालं की मी."

"कोण ती?"

त्याने उजवीकडे बघितलं. तिथे कलमाचं खोड होतं. त्याचं त्यालाच काहीतरी विचित्र वाटलं असावं, कान लाल झाले. "काय माहीत मॅडम. आधी काहीतरी येतंय, म्हणून थांबलो."

तुझ्या डोक्यात काय आलं ते मला इथून दिसतंय, कारण माझ्याही डोक्यात तेच आलं. तुळसा अशीच पहिली उभी असायची, चोविसांत सगळ्यांत बुटकी, नाक वर. सगळ्या जगाने 'एक' म्हणावं आणि हिने 'लाभ' म्हणावं. तिच्या रामाआजोबांनी शिकवलेलं. भाताचं मापटं असो की सुरमईची टोपली, मोजणीतला पहिला म्हणजे लाभ, मग दोन, मग तीन. रामाआजोबा सांगायचे, पहिल्याला एक म्हणू नये, एकटा पडतो. आणि तिच्या शेजारी उभा पुण्याचा सोहम. त्याला लाभ हा आकडा असतो हेच माहीत नाही, त्यामुळे तो बापडा 'एक' म्हणून नव्याने सुरुवात करायचा. चोवीस मुलं, आणि मोजणी तेविसावर संपायची. तुळसा पाय आपटायची, "दोन बोल रे!" तो रोज एकच म्हणायचा. पोरं खिदळायची. मलाही गंमत वाटली आणि मी ते तसंच चालू दिलं. लाभ धरून चोवीस, असं ठरूनच गेलं. तेवीस आकडा आला की मोजणी पुरी.

अजिंक्यला हे कुणी सांगितलं असेल? स्वयंपाकाच्या काशीने, दुसरं कोण! तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या तिला विचारते.

मनाताई

*

९ मे

गुरू,

काशी देवाची शपथ घेऊन सांगते की तिने पोरांशी तुळसाचा विषय काढलेला नाही. आणि आता तिचंच ऐक. दुपारी खळ्यात पंगत मांडताना ती आपली नेहमीसारखी "लाभ, दोन, तीन" करत पत्रावळ्या टाकते. सोळाला थांबते. आणि पानं असतात सतरा. मी स्वतः उभी राहून बघितलं. तिची मोजणी चुकत नाही आणि पान जास्त होतं. रिकामं राहतं ते पहिलं पान, अजिंक्यच्या उजव्या हाताचं. त्या पानासमोरची सारवलेली जमीन ओली असते. मे महिना आहे, गुरू, विहिरीला तळ दिसतोय. मी सायन्सची बाई, मी म्हटलं माठ पाझरत असेल. माठ दहा हात लांब आहे.

काल तिवरांत चिखलातले जीव दाखवत होते, तेव्हा पुण्याची आरोही म्हणाली, "मॅडम, पहिलीला पोहता येतं का?"

"पहिली कोण?"

"रांगेतली पहिली." मग ती अडखळली. सोळाही जणांकडे तिने एकदा बघून घेतलं. "नाही, म्हणजे अजिंक्यच पहिला. मी काय म्हणत होते?" बाकीची पोरं हसली. मी हसले नाही, आणि ती हसली नाही.

हे सगळं भर उन्हात होतं. बंदराचा बाराचा भोंगा वाजतो, पलीकडे क्रेन जहाजातून कोळसा उचलत असते, नितेश दोर गुंडाळत असतो, आणि त्यात हे.

आज रामाआजोबा आले. तीन वर्षांत आपल्या बागेकडे फिरकले नव्हते. काठी टेकत आले, दगडी गडग्यावर बसले, पाणी विचारलं तर नको म्हणाले. मुलांची दुपारची मोजणी चालू होती. ती ऐकली, आणि मला जवळ बोलावलं.

"बाय, ह्यांना लाभ बोलायला कुनी शिकवलान?"

"कुणी नाही, आजोबा. ही एकपासून मोजतात."

"मंग मी काय भयरा झालो?" एवढंच म्हणाले. जरा वेळ बसून उठून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी होते.

ते म्हणतात म्हणून सांगते, मला स्वतःला काही ऐकू येत नाही. सगळ्यांना येतं, मला येत नाही.

तुळसा गेली त्या दिवशी मात्र मी ऐकलं होतं. पोलिसांना सांगितलं, सरपंचांना सांगितलं, पोरीच्या आईला, गुणवंतीला, तिच्या दारात उभी राहून सांगितलं. तुझ्याही समोर पुन्हा सांगते, म्हणजे आपल्या दोघांत तरी शंका नको. सकाळी दहाची सुकती होती, पाणी पार उतरलेलं. चोवीस मुलांना होडीतून घंगाळ खडकावर नेलं. खडकाच्या मधल्या त्या खोलगट डबक्यात त्यांनी कालवं बघितली, खेकडे बघितले, अजिबात काही तोडलं नाही. साडेबाराच्या सुमारास सगळ्यांना होडीत बसवून मोजणी घेतली. तेवीस आकडा आला. लाभ मी ऐकला. वीस मिनिटांत आपण धक्क्याला लागलो. पोरं जेवायला पळाली आणि एक पान रिकामं राहिलं.

तू जॅकेटांचा ढीग मोजत बसलास. तेवीस भरली तशी ओरडलास, "ताय, ती होडीत चढलीच नाही. ती घंगाळावर राहिलीय!" मोरूची होडी सोडायलाही निघालास. मी तुला थांबवलं. म्हटलं, मी लाभ ऐकलाय, ती होडीत होती, वाटेत पडली असणार, खाडीत शोधा. जेवढ्या होड्या होत्या त्या सगळ्या खाडीत लावल्या. तीन वाजता नारिंगी जॅकेट तरंगताना मिळालं, पट्ट्याची गाठ सुटलेली. गाठी बांधायचं काम तुझं होतं. मग कुणी काही विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती पलीकडे हेदवीच्या अंगाला लागली.

यात मी कुठे चुकले ते सांग. सांग ना.

मनाताई

*

१४ मे

गुरू,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी तीन ओळी, त्याही उघड्या कार्डावर. पोस्टमनने वाचल्या असणार, कारण हातात देताना त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

'जॅकेटाची तीच गाठ मी रोज बांधतो. तिच्यावर रोज लटकतो. एकदाही आपण होऊन सुटली नाही. ताय, तू लाभ तेविसाच्या आधी ऐकलास की नंतर?'

कार्ड पिठाच्या डब्यात ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं. पोरांना सड्यावर नेलं, कातळावरचा मासा दाखवला, हा कुणी कोरला असेल यावर अर्धा तास बोलले, आणि काय बोलले ते एक अक्षर आठवत नाही.

नंतर.

लिहिलं. आता बाकीचंही लिहिते, थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

मुलं होडीत बसली. मी मागच्या फळीवर, तू पुढे बांबू घेऊन. प्रत्येकाला वाटलं तुळसा दुसऱ्या टोकाला आहे. मी म्हटलं मोजा. सोहमने 'एक' म्हटलं. तो रोजच एक म्हणायचा. त्याच्या आधी काही आलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. कारण मी शेवटचा आकडा ऐकत होते. माझं सगळं लक्ष तेविसाकडे. ती असली तरी तेवीस आणि नसली तरी तेवीस. ही गंमत मीच चालू ठेवली होती, गुरू. मी शिक्षिका असून मी त्या मुलाला 'दोन म्हण' असं सांगितलं नाही.

तेवीस आलं. मी ओरडले, "पूर्ण!" तू बांबू लावून होडी लोटलीस. आणि मग, मागून, खडकाच्या पलीकडच्या कपारीतून, बारीक आवाज आला. "लाभ."

मला वाटलं, चेष्टा करतेय. आधी म्हणायचं ते मागून म्हणतेय. आवाज लांबून आला हे कळलं, पण घंगाळात आवाज घुमतो, तिथे कुठलीच गोष्ट जिथली तिथून ऐकू येत नाही, असं मी मनात म्हटलं. मी मान वळवली नाही. ऊन डोळ्यांवर होतं. मी पुढे बघत राहिले.

ती कपारीत अडकली असणार. मोजणी ऐकू आली असेल, म्हणून आपला आकडा सांगितला. आपल्याला मोजल्याशिवाय हे लोक जाणार नाहीत, असा विश्वास होता पोरीचा. तो विश्वास मीच शिकवला होता, पहिल्या दिवशी, शिबिराचा पहिला नियम म्हणून.

आता सगळ्यात वाईट. तू ढिगावर उभा राहून 'तेवीस' म्हणून ओरडलास, त्याच क्षणी मला कळलं. अर्धवट नाही, पुरतं कळलं. मागून आलेला लाभ कुठून आला होता ते कळलं. घड्याळात दीड वाजला होता. वद्य पंचमी, भरती पावणेचारची. मागची कपार अडीचला भरते. हे गणित आदल्या दिवशी मीच फळ्यावर सोडवून दाखवलं होतं, तिथीची पाऊणपट. एक तास होता आपल्या हातात. मोरूच्या होडीला वीस मिनिटं लागतात. आणि समोर गुणवंती धावत येताना दिसत होती, डोक्यावर टोपली तशीच. तिच्या देखत मी म्हणू की तुझी पोर मी खडकावर टाकून आले? माझी जीभ आपोआप म्हणाली, "मी लाभ ऐकलाय. ती होडीत होती."

एकही वाक्य खोटं नव्हतं बघ. मोजणी घेतली, खरं. तेवीस आलं, खरं. लाभ ऐकला, खरं. फक्त क्रम फिरवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा सगळा गाव मी खाडीभर फिरवला.

जॅकेट मिळालं आणि सगळे तुझ्याकडे वळले, तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी जॅकेटाकडे बघितलं. तू एकोणतीस वर्षांचा होतास, गुरू, आणि माझ्या शब्दावर भरवसा ठेवून तू स्वतःला दोषी मानलंस. तुला मी लहानपणी अंघोळ घातलीय. मी तुला विकलं.

मला ऐकू येत नाही, असं लिहिलं होतं. येतं. पहिल्या दिवसापासून येतं. तीन वर्षं येतंय. काहीही मोजलं, जिन्याच्या पायऱ्या, वह्या, गोळ्या, की शेवटच्या आकड्यानंतर येतं. त्या दिवशी आलं तसंच, मागून.

वद्य पंचमी परवाच्या दिवशी नाही, तेरवा आहे. त्या दिवशी गुणवंतीकडे जाते. आधी तुला लिहिलं, कारण तुला लिहिल्यावर मला मागे फिरता येणार नाही.

मनाताई

*

१८ मे

गुरू,

गेले.

मुलांना नितेशच्या हवाली करून, दहाच्या सुकतीला निघाले. मोरू वाटेत भेटला, कुठे म्हणून विचारलं नाही, नुसता बरोबर चालला. गुणवंती ओट्यावर जाळं सांधत बसली होती. रामाआजोबा बाजूला. त्यांनी सरकून जागा केली, पण मी बसले नाही.

उभ्या उभ्या सांगितलं. जसं तुला लिहिलं तसं, त्याच क्रमाने. गुणवंतीचा हात जाळ्यात चालूच होता. माझं संपलं तेव्हा तिने सुई खाली ठेवली, आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत ते जॅकेट होतं. तीन वर्षांत रंग उडून गेलाय.

"बाई, हा पट्टा बगा," ती म्हणाली. "तुटलेला नाय, ताणलेला नाय. मी जाळ्यातच जल्म काढलाय. सुटलेली गाठ आनि सोडलेली गाठ मला कळत नाय व्हय? पोरीनं आपल्या हातान सोडलान ही. अडकलेली व्हती ती कुटंतरी. आंग काडायला जाकिट उतरवलान."

मी खाली बसले. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"त्याच दिशी."

"मग बोलला का नाहीत? माझा भाऊ..."

"तुमी शाळेतल्या बाई. तुमी बोल्लात, 'मी लाभ ऐकलाय.' तुमच्या म्होरं माजं कोन ऐकनार व्हतं?" ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती साध्या आवाजात बोलत होती, बाजारात भाव सांगतात तशी. "तीन वर्सां बसलंय मी हितं. कोनीतरी येल नि बोलंल म्हून."

रामाआजोबा म्हणाले, "पोर बोलत व्हती रोज. आज बाय बोल्ली."

मग गुणवंतीने विचारलं. ते लिहायचं की नाही, यावर कालपासून विचार करतेय. पण या पत्रांत तुझ्यापासून काही लपवलं तर ती लिहिली कशाला?

तिने विचारलं, "किती येळा बोल्ली?"

तुला मी एकदा लिहिलं होतं. पोलिसांना एकदा. स्वतःला एकदा. इतक्यांदा एकदा म्हटलं होतं की मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. पण ती समोर होती, आणि तिचे डोळे तुळसासारखे आहेत, हे मी तीन वर्षांत पहिल्यांदाच बघत होते.

"तीनदा," मी म्हटलं.

पहिल्यांदा तू होडी लोटलीस तेव्हा. दुसऱ्यांदा मोरूने इंजिन चालू करायला दोरी ओढली आणि ते लागलं नाही, त्या मधल्या शांततेत. जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा इंजिन लागल्यावर, त्याच्या आवाजातून. तेव्हा ते मोजणीसारखं नव्हतं. तेव्हा मी पोरांना म्हटलं, चला, गाणं म्हणा. आणि सगळी मोठ्याने गायला लागली. तू पण गात होतास.

मोरू ओट्याखाली उभा होता, त्याने पाठ फिरवली. गुणवंती उठून आत गेली. रामाआजोबा आपल्या हाताकडे बघत होते. अंगठ्याने एकेक बोट दाबत हळू आवाजात म्हणाले, "लाभ. दोन. तीन." आणि हात मिटून घेतला.

मी निघाले तेव्हा गुणवंती दारात आली. मला म्हणाली, "तुमचं मी काय करनार? तुमचं तुमी बगा." आणि पुढे, "तुमच्या भावाला बोलवा. त्याची गाठ बरी व्हती, हे त्याला माज्या तोंडान सांगायचं हाय."

काल दुपारीच पोलिस ठाण्यात जाऊन जबाब लिहून दिला, सगळा, तीनदा धरून. तिथल्या साहेबाने पुन्हा पुन्हा विचारलं, बाई, आता कशाला? पुढे काय होईल ते होईल. ते चुकवायचं नाही एवढं ठरवलंय. पालकांना फोन करून मीच सांगितलं. आज सकाळी सगळे येऊन मुलांना घेऊन गेले. तसाही शेवटचाच दिवस होता, पण निरोप घ्यायला कुणी थांबलं नाही. आरोहीच्या आईने तिचा हात इतका घट्ट धरला होता की पोर कळवळली. तिचं बरोबर आहे.

जायच्या आधी शेवटची मोजणी घेतली. नितेश म्हणाला, मॅडम, आता कशाला, समोर तर दिसतायत. म्हटलं, घ्यायचीच. अजिंक्य पहिला उभा. मी शिट्टी वाजवली, आणि तो थांबला नाही. शिट्टी संपायच्या आत म्हणाला, "एक." पुढे सरळ सोळापर्यंत. नंतर त्याने उजवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आज नाही आली," म्हणाला. वाईट वाटल्यासारखा.

सोळा झाले आणि मी बोलले नाही. थांबले. पालक बघत होते, गाड्या सुरू होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवला. मी त्यांना हात करून थांबवलं. कलमांत पोपट ओरडत होते, खाली खाडीला पाणी चढत होतं. मी पुरतं ऐकून घेतलं. मागून काही आलं नाही. मग म्हटलं, "पूर्ण."

हे तुला सांगून ठेवते, कारण कधी ना कधी तू पुन्हा मुलांना दोरावर घेशील. मोजून झालं की लगेच निघायचं नाही. शेवटच्या आकड्यानंतर थांबायचं. जो मागे राहिलेला असतो तो नंतरच बोलतो.

काशी गेली, नितेश गेला. घरात मी एकटी आहे. दुपारी दोन पानं मांडली, दोन्ही मोजून मांडली, एक तुझं. क्षमा कर, असं लिहिणार नाही, ती मी मागायची आहे आणि कागदावर मागवत नाही. तू ये. फोन करू नकोस, वेळ कळवू नकोस. कुंपणाच्या बेड्याशी उभा राहा आणि हाक मार.

एकदाच मार, गुरू. मी ऐकेन.

तुझी ताय